पीळ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

मराठी माणसाचे पोट नाना तऱ्हांनी दुखते आणि बहुतेक तऱ्हांना भाषेने वेगळे नाव दिलेले आहे. पोटात कळ येते, गुबारा धरतो, ढवळते, डचमळते, शूळ उठतो, मुरडा येतो आणि पीळ पडतो. यांपैकी शेवटच्या दोन शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे. कारण एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या या शब्दांच्या अर्थनिर्णयावर एखाद्या वेळी माणसाचे प्राण अवलंबून असतात.

मुरडा हा शब्द मुरडणे या क्रियापदाशी जोडलेला आहे. हिंदीत त्यालाच मरोड़ म्हणतात, गुजरातीत मरडो. धुतलेले वस्त्र पिळताना त्याला जो वळसा बसतो तोच या सर्व भाषांनी पोटातील वेदनेत पाहिला. भाषेमागोमाग औषधही तसेच आले. मुरुडशेंग नावाच्या झुडपाची फळे दोरासारखी पीळदार असतात. संस्कृतात तिला आवर्तनी म्हणतात, हिंदीत मरोड़फली. ही शेंग मुरड्यावर उगाळून देण्याची चाल जुनी असून महाराष्ट्रातील घरोघरच्या बाळगुटीतही तिला स्थान आहे. पिळलेल्या पोटाला पिळलेली शेंग, असा हा न्याय. देशाबाहेर पाहिले तरी प्रतिमा बदलत नाही. ग्रीक वैद्यांनी आतड्याच्या अडथळ्याला दिलेले 'ईलिओस' हे नाव गुंडाळणे, वळणे या अर्थाच्या धातूवरून आले आहे, आणि आजच्या शल्यशास्त्रातील 'व्हॉल्व्ह्युलस' ही संज्ञा तशाच अर्थाच्या लॅटिन धातूपासून सिद्ध झाली आहे.

या शब्दांचा दुसरा प्रवास शरीराकडून मनाकडे झाला. लेकीला सासरी धाडताना आईचे आतडे तुटते. उपाशी पोर पाहून ते पिळवटते. सख्ख्या नात्यात आतड्याची माया असते. हा केवळ मराठीचा विशेष नव्हे. नव्या करारातील करुणेचे ग्रीक क्रियापद आतड्यांच्या वाचक शब्दावरूनच बनलेले आहे आणि १६११ च्या इंग्रजी बायबलनेही करुणेच्या अर्थी आतड्यांचा शब्द अनेक ठिकाणी ठेवला. लक्ष्यार्थ असा पुन्हापुन्हा वापरात आला की वाच्यार्थ मागे पडतो. 'पोटात पीळ पडला' असे कोणी म्हणाले तर ऐकणारा त्याला ओवा देतो, शेक देतो, फार तर धीर देतो. आत खरोखरच काही पिळले गेले असेल ही शंका त्याला येत नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा काटेकोर विचार केलेला आहे. मुख्यार्थाचा बाध झाल्याशिवाय लक्षणा प्रवृत्त होत नाही, असा नियम आहे. गंगेच्या प्रवाहावर गवळ्यांची वस्ती असणे शक्य नाही, म्हणून आपण गंगेचा अर्थ गंगातीर असा घेतो. परंतु रोग्याच्या शब्दाबाबत मुख्यार्थाचा बाध झाला आहे की नाही हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक नसते. ते तपासावे लागते. रोगाच्या चिन्हाला लक्षण म्हणावे आणि शब्दाच्या दुय्यम वृत्तीला लक्षणा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. लक्षण पाहिल्यावाचून लक्षणा स्वीकारता येत नाही.

प्राचीन वैद्यकाने आतड्याच्या अडथळ्याची दखल घेतली होती. बद्धगुदोदर या नावाने हा विकार सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात येतो. पोट फुगणे, मलाचा अवरोध, विष्ठेच्या वासाची ओकारी ही त्याची लक्षणे आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटतील. उपाय म्हणून सुश्रुताने शस्त्रकर्म सांगितले आहे. नाभीखाली, रोमराजीच्या डाव्या बाजूस चार अंगुळे सोडून छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून निरखावे, खडा, केस वा मळ जे अडकले असेल ते काढावे, आतड्याला मध व तूप लावून ते जागच्या जागी ठेवावे आणि पोट शिवावे, असा तो क्रम आहे. आतड्याला भोक पडले असेल तर त्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवून धड तोडावे, हेही तेथेच सांगितले आहे. मात्र पीळ हे कारण सुश्रुताच्या या वर्णनात स्पष्टपणे येत नाही. चरकाने बद्धोदराच्या कारणांत अन्नाबरोबर गेलेल्या केसांसह 'अंत्रसंमूर्च्छन' असाही शब्द योजला आहे आणि काही आधुनिक अभ्यासक त्याचा संबंध आतड्यांच्या परस्परांतील गुंत्याशी लावतात. शब्द मोघम आहे. त्यावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नव्हे. शवविच्छेदन आणि किरणचित्रे यांच्या आधाराविना आतड्याचा वळसा कोणत्या दिशेने पडला हे सांगणे कोणालाही कठीणच होते.

आतड्याला पीळ पडू शकतो तो त्याच्या बांधणीमुळे. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते, पण ज्या पडद्याने ते पोटाच्या मागील भिंतीशी बांधलेले असते त्याचे मूळ जेमतेम पंधरा सेंटिमीटरांचे असते. लुगड्याच्या निऱ्या कमरेपाशी मुठीत मावाव्यात आणि पायाशी पसराव्यात, तशी ही रचना आहे. याच पडद्यातून आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. मूळ पुरेसे रुंद असेल तोपर्यंत निऱ्या इकडेतिकडे हलल्या तरी बिघडत नाही. ते अरुंद असेल तर सगळा पसारा त्या मुळाभोवती फिरू शकतो आणि एकाच वेळी अन्नाची वाट व रक्ताची वाट अशा दोन्ही आवळल्या जातात. साध्या अडथळ्यात आतडे तुंबते. पिळात ते मरू लागते. म्हणून शल्यचिकित्सकांची एक जुनी पिढी सांगत असे की आतड्याच्या अडथळ्यावर सूर्य उगवूही देऊ नये आणि मावळूही देऊ नये.

मुळाची ही रुंदी जन्मापूर्वीच ठरते. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडे पोटात न मावल्याने नाळेत उतरते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येते. या जाण्यायेण्यात ते मुख्य धमनीभोवती डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, २७० अंशांनी फिरते आणि मग आपापल्या जागी चिकटते. हे फिरणे अपुरे राहिले तर मूळ अरुंद राहते. अशा अर्भकाला पुढे पीळ पडला तर तो बहुधा काट्यांच्या दिशेने असतो, म्हणून शल्यचिकित्सक तो उलट दिशेने सोडवतो. बोस्टनचे विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये या शस्त्रक्रियेची जी पद्धत प्रसिद्ध केली ती त्यांच्याच नावाने आजही चालते. पीळ सोडवणे, आतड्यावर ताणलेले अस्वाभाविक पट्टे कापणे, पडद्याचे मूळ रुंद करणे आणि आंत्रपुच्छ काढून टाकणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. अर्भकापाशी मुरडा किंवा पीळ हा शब्दच नसतो. त्याच्या ओकारीचा हिरवा रंग हीच त्याची भाषा. नवजात बालकाची हिरवी ओकारी ही दुसरे काही सिद्ध होईपर्यंत पिळाची खूण मानावी, असा बालशल्यचिकित्सेचा दंडक आहे. तेथे गुटीची वाट पाहावयाची नसते.

प्रौढ वयात पीळ अधिककरून पडतो तो मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळशाला. त्याला सिग्मॉइड म्हणतात. हा वळसा लांब आणि त्याचे देठ अरुंद असेल तर तो स्वतःभोवतीच फिरतो. भारतात हा आजार अपरिचित नाही. क्वचित याहून विलक्षण प्रकार घडतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग सिग्मॉइडच्या देठाभोवती फिरतो आणि दोहोंची गाठ बसते. पार्कर यांनी १८४५ मध्ये या गाठीचे पहिले वर्णन केले. भारत, आफ्रिका आणि पश्चिम आशिया या भागांत ती तुलनेने अधिक दिसते. लांब, सैल सिग्मॉइड, मोकळे हलणारे लहान आतडे आणि दिवसभर रिकाम्या ठेवलेल्या पोटात एकदम गेलेले भरपूर कोंडायुक्त अन्न अशी तिची कारणपरंपरा सांगितली जाते. दोन आतडी एकमेकांना आवळतात, त्यामुळे ती दोन्हीही काही तासांत काळी पडू शकतात.

अशा रोग्याचा शब्द त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकला गेला तरी प्रश्न कठीणच. तो दुसऱ्या भाषेतून जाऊ लागला की अधिक बिकट होतो. हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेरचे एक ठिकाण घेऊ. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांतील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरच्या सराफ बाजारांत पसरले आहेत. जयपूर हे तर जवाहिऱ्यांचेच शहर. १७२७ मध्ये वसलेल्या या शहराची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य या बंगाली स्थपतीच्या नावाने शहराच्या उत्तर भागात विद्याधर नगर उभे आहे आणि त्याचा आराखडा १९८० च्या दशकात पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी केला. बंगाली नाव, गुजराती कुळाचा पुणेकर आराखडाकार आणि भोवती ढुंढाडी व हिंदी बोलणारा समाज, अशा या वसाहतीत एक गलाई कुटुंब राहते आहे आणि गावाकडून म्हातारे वडील चार दिवसांसाठी आले आहेत, असे कल्पावे.

एकादशीचा उपवास सोडून म्हाताऱ्याने बाजरीच्या भाकरीवर ताव मारला आहे. मध्यरात्री त्याच्या पोटात कळ उठते. तो म्हणतो, "पोटात पीळ पडलाय रं. दोराला घालावा तसा." सून हिंग-ओव्याचे पाणी देते. ओकारी होते. पोट फुगू लागते. पहाटे मुलगा त्याला जवळच्या रुग्णालयात नेतो. तरुण डॉक्टर विचारतो, "बाबा को क्या तकलीफ़ है?" मुलगा सांगतो, "मरोड़ है, साहब." डॉक्टर विचारतो, "दस्त लगे हैं?"

मुलाने भाषांतर चुकवले असे कोणताही कोश म्हणणार नाही. पोटाच्या संदर्भात पीळ आणि मरोड़ हे शब्द शेजारीशेजारीच बसतात. परंतु मरोड़ म्हटल्याबरोबर हिंदी भाषकाच्या मनात आमांश, अतिसार, बाजारचे खाणे असे सगळे रांगेने उभे राहते. म्हाताऱ्याने मात्र आयुष्यभर घायपाताच्या वाखाचे दोर वळलेले आहेत. त्याच्या तोंडी पीळ हा शब्द रूपक होऊन आलेला नाही. तो त्याच्या हाताला माहीत असलेल्या वस्तूचे नाव आहे. त्याचा खरा हिंदी प्रतिशब्द 'बल' हा आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे मराठी म्हणते आणि रस्सी जल गई पर बल नहीं गया, असे हिंदी म्हणते. दोन म्हणी समोरासमोर ठेवताच पीळ आणि बल यांची जोडी लागते. 'आंत में बल पड़ गया है' असे मुलगा म्हणाला असता तर डॉक्टरचा पहिला प्रश्न कदाचित वेगळा झाला असता. पण संकटाच्या वेळी माणूस नेमका शब्द शोधत नाही. हाताशी असलेला उचलतो. 'दोराला घालावा तसा' हा वाक्याचा उत्तरार्ध, ज्यात सगळे निदान होते, तो भाषांतरात गळूनच गेला.

सुदैवाने वैद्यक एकट्या शब्दावर विसंबून नसते. डॉक्टरच्या प्रश्नाला मुलगा उत्तरतो की जुलाब नाहीत. उलट रात्रीपासून शौच नाही आणि वाराही सरला नाही. येथे लक्षणेचा आधार सुटतो. मुरड्यात वेदना येते व जाते. पिळात ती लवकरच अखंड होते. मुरड्यात पोट मऊ राहते. पिळात ते नगाऱ्यासारखे ताणते. नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो. क्वचित याच वेळी दुखणे थोडे कमी होते आणि घरच्यांना हायसे वाटते; पण आतड्याची संवेदनाच मेल्याचे ते चिन्ह असू शकते. अशा वेळी रेचक देणे घातक ठरते.

यानंतर रोगी एकाच वेळी दोन परस्परविरोधी पाठ दाखवू लागतो. लवकर सुरू झालेली ओकारी सांगते की अडथळा लहान आतड्यात आहे. किरणचित्र दाखवते की मोठ्या आतड्याचा प्रचंड फुगलेला वळसा पोटभर पसरला आहे. त्याच्या आकाराला किरणतज्ज्ञ कॉफीच्या बीची उपमा देतात. गुदमार्गाने नळी घालून तो वळसा मोकळा करू गेल्यास ती पुढे सरकत नाही. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला हा प्रसंग नवा नाही. दोन हस्तलिखिते एकमेकांविरुद्ध बोलू लागली की त्यांतील एक भ्रष्ट मानण्याचा मोह होतो. येथे मात्र दोन्ही पाठ शुद्ध आहेत आणि दोहोंचा मेळ एकाच अर्थाने लागतो : दोन आतडी एकमेकांत अडकली आहेत. सीटी स्कॅनमध्ये पडद्यातील रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या तर संशय बळावतो. तरीही या गाठीचे निश्चित निदान पुष्कळदा पोट उघडल्यावरच होते.

नुसता सिग्मॉइडचा पीळ असता तर कदाचित चाकूचे तातडीने काम पडले नसते. नॉर्वेचे ब्रुसगार्ड यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की आतडे जिवंत असेल तर दुर्बिणीतून नळी घालून, वायू सोडून देऊन तो उलगडता येतो. परंतु उलगडलेला वळसा तसाच लांब व अरुंद देठाचा राहतो आणि पुष्कळांना पुन्हा पीळ पडतो. सुंभ आणि पीळ यांची म्हण येथे शब्दशः खरी ठरते. म्हणून प्रकृती सावरल्यावर तो वळसाच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. गाठीच्या बाबतीत तेवढीही सवड नसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाठ आहे तर सोडवावी. काळ्या पडलेल्या आतड्याची गाठ सोडवू गेल्यास ते फाटते आणि त्यात साचलेले विष एकदम रक्तात शिरते. म्हणून अशी गाठ न सोडवता, दोन्ही बाजूंची वाट बांधून, ती तशीच समूळ काढतात. मग लहान आतड्याची निरोगी टोके बहुधा जोडली जातात. मोठ्या आतड्याची जोडणी तेव्हाच करावी की काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची वाट काढावी, हे रोग्याच्या अवस्थेवरून ठरते. लहान आतड्याचा शेवटचा पुष्कळसा भाग गेला तर ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण नीट होत नाही आणि पुढे आयुष्यभर सुया घ्याव्या लागू शकतात.

हे सर्व होण्यापूर्वी कोणीतरी होकार द्यावा लागतो आणि येथे भाषा पुन्हा आडवी येते किंवा कामी येते. चरकाने उदररोगाच्या असाध्य अवस्थेत जहाल उपाय योजण्याआधी नातलगांना सांगावे असे म्हटले आहे : उपाय न केल्यास मरण निश्चित आहे, केल्यास जगणे संशयित आहे. मुतखड्याच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुतानेही असाच तर्क मांडून राजाची अनुज्ञा घ्यावयास सांगितले आहे. निश्चित मृत्यू आणि संशयित जीवन यांतील निवड सांगण्याची ही रीत इतकी प्रामाणिक आहे की आजच्या संमतिपत्राने तिच्यात फारशी भर घातलेली नाही. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. त्या काळी अनुमती नातलगांची वा राजाची होती. आज शुद्धीवर असलेल्या रोग्याची स्वतःची संमती लागते. म्हणजे डॉक्टरचे हिंदी वाक्य म्हाताऱ्यापर्यंत मराठीतच पोचले पाहिजे.

आता मुलाला वाट दिसते. तो वाकून म्हणतो, "आबा, दोन आतड्यांची गाठ बसलीय. सुटायची न्हाई, कापाय लागंल." म्हातारा डोळे मिटून घेतो आणि म्हणतो, "मग काप म्हणावं. पर गाठ कापली की दोर तोकडा हुतो, एवढं ध्यानात ठेवा." काही तासांपूर्वी त्याचे जे वाक्य अर्धेच पोचले होते त्याचा अर्थ आता पुरा झाला आहे. रोगी, मुलगा आणि डॉक्टर एकाच वस्तूविषयी बोलत आहेत. त्याचे पुढे काय होते हे आतडे किती काळ रक्ताविना राहिले यावर अवलंबून आहे आणि त्या काळातील काही घटका एका सोयीच्या प्रतिशब्दात गेलेल्या आहेत.

भाषांतराच्या चर्चेत अर्थहानीचा उल्लेख वारंवार होतो. कवितेच्या अनुवादात काय गळाले याची यादी आपण शांतपणे करू शकतो, कारण मूळ पाठ सुरक्षित असतो आणि दुसरा अनुवादक उद्या पुन्हा प्रयत्न करणार असतो. रुग्णशय्येपाशी मूळ पाठच क्षणाक्षणाला झिजत असतो. परप्रांतात कामासाठी गेलेल्या लाखो माणसांच्या घरी गावाकडचे आईबाप येऊन राहतात, आजारी पडतात आणि आपल्या बोलीत दुखणे सांगतात. त्यांच्या आणि डॉक्टरच्या मध्ये उभा असलेला मुलगा, सून किंवा नातू हा या देशातील सर्वांत सामान्य अनुवादक आहे. आपल्या भाषांतरविचारात त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

त्याच्यासाठी एवढाच नियम पुरेसा आहे : रोग्याचा शब्द बदलण्यापूर्वी त्याची उपमा जशीच्या तशी सांगावी. पीळ या शब्दाला दुसऱ्या भाषेत दहा पर्याय निघतील आणि त्यांतील नऊ दिशाभूल करतील. 'दोराला घालतात तसा' याला कोणत्याही भारतीय भाषेत एकच अर्थ आहे. दोर सर्वत्र वळला जातो. आणि ऐकणाऱ्यासाठी नियम त्याहून जुना आहे. मुख्यार्थाचा बाध झाला आहे असे ठरेपर्यंत लक्ष्यार्थाकडे जाऊ नये. ज्याचे पोट दुखते आहे तो कदाचित अलंकारिक बोलत नसेल.